लस मोतीले, शिंक मामावर

तुम्ही हसाल, पण आमचे मामा त्या दिवशी खरंच भेले होते. कपाशीवर औषध फवारता फवारता विष बाधून माणसं दवाखान्यात भरती होऊन राह्यली होती, ते साल. कुत्र्यांत खोकल्याची साथ आली म्हणून मी मोतीले लस द्याले यवतमाळले नेलतं. धराले आर्णीचे मामा होते. डॉक्टरनं सुई न टोचता नाकात थेंब सोडले, अन् मोती मामाच्या तोंडावरच शिंकला.

मामानं सदरा काढून फेकला, नळाखाली डोकं घातलं. "माह्या डोयाच्या बाहुल्या पाय रे! बारीक झाल्या काय?" फवारा बाधला की तसंच होते.

डॉक्टर हसले. "काका, कुत्र्याची लस आहे. काही होत नाही."

मामा म्हणे, "फवारा विकतानी दुकानदारही असाच हसला होता, साहेब. माह्या भावाले अजून दिसत नाही."