वाट आमची न्हाई

माझं माहेर औंढ्याचं, लोनावळ्याजवळचं, आनि सासर हितं सुदुंबऱ्याला. शाळा सातवीपतुर झाली, मग धाकट्या भावंडांना संभाळायला घरी बसवली, म्हनून वाचता येतं पन सावकाश, घाईत वाचलं की अक्षरं पळत्यात, आनि काय सांगू तुमाला, त्या दिवशी सगळी घाईच होती.

आमचं घर बघितलंत नव्हं, बौद्धवस्तीच्या बी पल्याड, मागं वढा आनि म्होरं भाऊंचं रान. भाऊ म्हंजी त्या रानाचे मालक, म्हातारे, सगळं गाव त्यांना भाऊच म्हनतं. आमची वाट त्यांच्या भातखाचराच्या बांधावरनं. सासऱ्यांच्या आज्यापास्नं तितनंच येनंजानं, मी लगीन होऊन आले ती बी तितनंच, एका हातानं शालू वर धरून, चिखल लागंल म्हनून. भाऊ बांधावरच हुबे, म्हनले, दमानं ये ग पोरी, वाट कुटं पळत न्हाई.

मग भाऊंनी रान बिल्डरला इकलं. त्यांचा तरी काय दोस, पोरं फ्लॅटात ऱ्हात्यात, चिखलात कोन उतरतंय. खाचरं मुरूम टाकून भरली, चुन्याच्या रेघा वढल्या, झेंडे लावले. बोर्डावर तळं काढलंय. हितं तळं कुटंय, मी आमच्या ह्यांना इचारलं, हे म्हनले पावसाळ्यात आपल्या घरात बघ.

तर त्या दिवशी हे कंपनीत गेलते, आत्या, म्हंजी सासू, नंदंकडं, पोरगी तापलेली, कडंवर रडतीया, गॅसवर दूध, आनि दारात तीन मानसं कागद घेऊन, रान घेतलेल्या बिल्डरची. त्यातला एक लय गोड बोलला, ताई म्हनला मला. ताई, ही वाट तुमच्या वहिवाटीची काय?

मला निस्ती वाट ऐकू आली. मला वाटलं, मालकीची का म्हनून इचारत्यात, आनि दुसऱ्याच्या रानाला आपलं कसं म्हनायचं, आईनं शिकवलंय, दुसऱ्याच्या बांधावरची काडी बी आपली म्हनू नगंस. मी म्हनलं, न्हाई ओ, वाट आमची न्हाई, भाऊंची हाय, त्यांनी जाऊ दिलं म्हनून जातो. त्यानं लिवलं. दूध उतू गेलं, करपल्याचा वास आला, मी सही केली आनि आत पळाले.

संध्याकाळी हे जेवता जेवता आत्यांना सांगत होते, भिऊ नगंस आये, मालकी त्यांची असंल, पन वैवाट आपली हाय, चार पिढ्या चाललोय तोच आपला हक, कुनी अडवू शकत न्हाई. माझी तव्यावरची भाकर उलटायची ऱ्हायली.

दुसऱ्या दिवशी भाऊंकडं गेले, सहीचं सांगितलं, म्हनलं आमी पिढ्यान्‌पिढ्या तितनं चाललोय एवढी साक्ष द्या. त्यांनी डोळं पुसलं, पन म्हनले, तूच लिवून दिलंस ना पोरी, आता मी काय बोलू.

आता गेट बसलंय. वाचमन इचारतो, किसके यहाँ जाना है, मी म्हनते माझ्याच घरी, तो वहीत गेस्ट लिवतो. हे हसत्यात, पाहुनी आली का म्हनत्यात, आनि मला रडू येतं, त्यांना वाटतं चेष्टा लागली. भिंत अंगनापतुर आलीया, जायापुरता भितीत एक गाळा उघडा हाय, तो बी बंद करनार हाईत. मग ऱ्हायला वढा, पावसात छातीभर पानी, पोरीला घेऊन कुटनं जाऊ.

सोमवारी हे तहसीलला अर्ज घेऊन जानार हाईत. इस्त्रीचा शर्ट काढून ठेवलाय. तितं बिल्डरची मानसं माझी सही दाखवतील ह्यांना. सांगू सांगू म्हनते आनि तोंडच उघडत न्हाई.

तुमचं भलं होवो, एवढं ऐकलंत. पन तुमी मगापास्नं जे लिवताय ना, ते उठायच्या आधी मला वाचून दाखवा. सावकाश.