मारुतीकाकांची जुनी बाग

आमच्या प्रमोद सरांनी ती भारी जर्मन दुर्बीण घेतली ना, तिचा पराक्रम ऐका. तीन पायांच्या स्टँडवर लावून आम्ही उमरीकडच्या एका तळ्यावर पक्षी बघून राहिलो होतो. तेवढ्यात शेजारच्या रानातले मारुतीकाका आले.

"साहेब, मोजणी का? रोड कुठून काढून राहिलेत?"

"रोड न्हाई काका, पक्षी बघतोय. या, तुम्ही बी बघा," सर म्हणाले.

काकांनी डोळा लावला. पार पलीकडच्या काठावरचा चित्रबलाक पिसांसकट दिसला.

"लई साफ दिसतंय. म्हंजे आमचं रान बी दिसत असंल," असं म्हणून ते घाईनं निघून गेले.

रोडमधी झाडं गेली की मावेजा, म्हंजे सरकारी भरपाई, वाढतो, हे आपल्याकडं लेकराला बी ठाऊक हाय.

पुढच्या रविवारी गेलो, तर तळ्यावर एक पाखरू न्हाई. काठानं जेसीबी खड्डे खणत घरघरत होता आणि काकांच्या पडीक रानात आंब्याची कलमं रांगेनं उभी होती.

"काका, सगळे पक्षी उडाले की हो!" सर कळवळले.

"जाऊ द्या," म्हणत काकांनी स्वतःच दुर्बीण कलमांकडं वळवली. "तुम्ही फकस्त एवढंच लिहा, बाग लई जुनी हाय."