हात शिवशिवतायत

शिंपीकाकांचे हात बरे झाले. पण तूर्तास ते झालेच नाहीत असं समजू, कारण त्वचेच्या डॉक्टरांनी ते अजून पाहिलेले नाहीत. काका-काकू दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर बसले होते.

"अहो, पुन्हा हात चोळताय! खाज येतेय ना?"

"खाज नाही गं, शिवशिवतायत."

"तेच ते. मलम लावा."

"तेच ते कसं? खाज आली की खाजवावंसं वाटतं, शिवशिवले की शिवावंसं. शिंप्याची बायको ना तू?"

"म्हणूनच सांगते. बोटांना भेगा पडल्या तरी लोकरी कोट शिवत बसला होतात."

"आता बघ, एक भेग दाखव. आंघोळ झाली की लगेच मलम, वर सुती हातमोजे. मोजे कुणी शिवले?"

"तुम्हीच. अख्ख्या रांगेला दाखवून झालेत."

"टाका दिसतो कुठे?"

"नाही हो दिसत. असे हात आहेत का कुणाचे! पण डॉक्टर लोकर बंदच म्हणणार. पायजमे शिवा."

"पायजमे? मी कोटवाला आहे!"

तेवढ्यात नंबर आला. काका कॉलर नीट करून दारात उभे राहिले.

"डॉक्टरसाहेब, हात कामावर रुजू होण्यास तयार आहेत. तरी जगातली सर्व लोकर मेंढ्यांना सन्मानपूर्वक परत करून, यापुढे कोट सुतीच घालावेत असा आदेश आपल्या सहीनं काढण्यात यावा, ही नम्र विनंती."