सशाची शिट्टी

— नको, पाणी नको, मॅडम. पाणी प्यायलं की मला बाहेर जावं लागेल, आणि तुमचं हे दार केवढं जड, मघाशी त्या शिपायाने खांदा लावून लोटलं तेव्हा कुठे हललं. बसते अशीच. आधी सहज बोला, आवाज मोकळा होऊ द्या, मग नमुन्याची वाक्यं म्हणू, असं म्हणालात ना — मग बोलते. ते लाल पेटलंय म्हणजे यंत्र बंद आहे तोवर, कळतं मला. लिहिता-वाचता येत नाही, पण फोनवरचं हिरवं म्हणजे चालू आणि लाल म्हणजे बंद, एवढं नातीने शिकवलंय. ती बघा, काचेपलीकडे बाकावर बसलीये, तीच. शेजारी सूनबाई. त्यांना इथलं काही ऐकू जात नाही म्हणता? बरं. मलाच जात नाही, त्यांना काय जाणार. भिंतींना या गाद्या कसल्या लावल्यात? शब्द तोंडातून निघाला की कोणीतरी तिथल्या तिथे गिळून टाकतंय असं वाटतं. जन्मभर बोलत आले मी, पण माझा आवाज मला परत आला नाही असं कधी झालं नव्हतं. आणि तुम्ही हं म्हणत नाही. गोष्ट ऐकायला बसलेल्या पोरांना मी आधीच बजावते — हं म्हणायचं, हं थांबलं की गोष्ट थांबली. तुम्ही नुसत्या बघता. मग थांबायचं कुठे, ते मला कळत नाही.

वकील म्हणाला होता, आजी, विचारतील तेवढंच बोला. चांगला आहे बिचारा, पण मला गप्प बसवणं कुणाला जमायचं असतं तर आमच्या ह्यांना जमलं असतं. त्यालाही मी विचारलं — खोटी सही केली तर शिक्षा आहे ना? म्हणाला, आहे. मग खोटा आवाज केला तर? म्हणाला, त्यालाही आता नवा कायदा आहे, कडक आहे, पण आधी तो आवाज तुमचा नाही हे दिसलं पाहिजे. कुणी दाखवायचं? तर आपण. बघा म्हणजे — चोरी माझ्याकडे झाली, आणि वस्तू माझ्याकडे नाही हे मीच दाखवायचं. तोवर शहर सोडायचं नाही, कुणाला निरोप पाठवायचा नाही, त्या पाळणाघरवालीला भेटायचं नाही. मी कुठे जाणार शहर सोडून, जिना उतरताना मला कठडा लागतो. पण तिला भेटायचं नाही, हे मात्र फार झालं, मॅडम. तेवढं एक काढून टाका त्या जामिनाच्या कागदातून. मला तिच्यापाशी बसून एवढंच सांगायचंय, की बाई गं, ते मी नव्हते.

तुम्हाला माहीतच आहे सगळं, पण तुमच्या कागदावर ते कसं लिहिलंय कोण जाणे, म्हणून माझ्या तोंडून ऐका. दुपारची वेळ. मी घरात पडलेले. खाली पाळणाघरात पोरं झोपलेली. आणि आमच्या वस्तीतल्या एकूण एक बाईच्या फोनवर माझा आवाज गेला — सगळ्यांनी ऐका, खालच्या पाळणाघरात पोरांना सरबतातून झोपेचं औषध देतात, सगळी पोरं सुस्त असतात, शिट्टीआजी सांगते. मी सांगते म्हटल्यावर कोण थांबतंय? मला अक्षर येत नाही, सही म्हणजे अंगठा, पण जिन्यावर बसून मी बोलले की ते खरं, असंच चालत आलंय. कामं टाकून आया धावल्या. कुणी दार बडवलं, कुणी काच फोडली. ती पाळणाघरवाली बिचारी एक तान्हं कडेवर घेऊन काय झालं बघायला बाहेर आली, आणि कुणाचा धक्का लागला ते कुणालाच माहीत नाही. पायऱ्यांवरून पडली, पण पडताना बाळाला दोन्ही हातांनी वर धरून पडली. बाळाला ओरखडा नाही. तिचं कमरेचं हाड गेलं. पोरं घरी गेली की संध्याकाळी तीही माझ्या पायरीवर यायची, पाय लांब करून बसायची आणि पोरांसारखी हं म्हणायची. आता दवाखान्यात पडून ती काय म्हणत असेल? माझाच आवाज म्हणत असेल ना. तिच्या कानांनी ऐकलाय तिने.

म्हणून सांगते, ज्याने हे केलं तो सापडला की सोडू नका. दयामाया नको. पैसा चोरला असता तर एक वेळ म्हटलं असतं, जाऊ दे, नडलेला असेल. माणसाच्या तोंडातून आवाज काढून घ्यायचा आणि त्याच आवाजाने त्याच्या मैत्रिणीचं हाड मोडायचं — वकील म्हणतो, करणाऱ्याला तुरुंग आहे. असू दे. चांगला लांब असू दे.

आता तुमच्या पोलीस खात्याचंही सांगते, रागवू नका. धाकटा नातू त्याच पाळणाघरात असायचा. घरी आला की मान टाकायचा, जेवताना घास तोंडात तसाच. नात म्हणाली, आई, याला तिथे काहीतरी पाजतात. सूनबाई म्हणाली, उगीच काहीतरी बोलू नकोस, मी नोकरी सोडून बसू का? मग पोरगी माझ्याकडे आली. मी म्हटलं, अगं वाढीचं वय आहे, झोपतात पोरं. मग त्या पोरीने एकटीने तुमच्या तक्रारीच्या नंबरावर फोन लावला. पलीकडच्याने आधी वय विचारलं. शाळेत आहे म्हटल्यावर म्हणाला, बाळ, घरातल्या मोठ्या माणसाला बोलायला लाव. आणि ठेवला. पोरगी रात्री जेवली नाही. मला म्हणाली, आजी, मी काहीही सांगितलं तर कोणी ऐकत नाही, तू नुसतं खोकलीस तरी सगळे बघतात. हसले मी. हसण्यासारखंच होतं ते तेव्हा. पुढे डॉक्टरने धाकट्याला तपासलं तर त्याच्या अंगात रक्तच कमी निघालं. औषध नाही, काही नाही. पण ते कळलं पुढे, पाळणाघरवाली पायऱ्यांवरून पडल्यावर.

हं. नाही, तुम्हाला नाही म्हटलं, माझं मीच म्हटलं.

तर मुद्द्याचं. वकिलालाही हे सुचलं नाही, मला काल भांडी घासताना सुचलं. त्या आवाजात शिट्टी आहे. ऐकलीत ना? सगळ्यांनी, सरबत, सुस्त — प्रत्येक ‘स’ला बारीक शिट्टी वाजते. पुढचे दात पडल्यापासून मी तशीच बोलायचे, त्यावरूनच पोरांनी शिट्टीआजी नाव पाडलं. सशाची गोष्ट सारखी मागायची, का, तर आजीचा ससा शिट्टी मारतो. आणि आता ऐका. ससा. सरबत. सगळ्यांनी. आहे शिट्टी? कशी असेल? ही कवळी बसवली ना लेकाने, गेल्या सुट्टीत. ती बसली आणि शिट्टी गेली. पोरं रुसली माझ्यावर. तुमच्या यंत्राला एवढं कळेल ना? मी त्या दुपारी बोलले असते तर कवळीतून बोलले असते, शिट्टी आली असती कुठून? म्हणजे ज्याने कुणी तो आवाज बनवला, त्याने माझा जुना आवाज घेऊन बनवला. कवळीच्या आधीचा. झालं की नाही सिद्ध? लिहा, लिहा ते. वकिलाला सांगते आता, शिकलास एवढा आणि म्हातारीच्या दातांकडे बघितलं नाहीस.

जुना आवाज कुठे मिळणार म्हणजे? गोष्टींमध्ये आहे की. नात भरून घ्यायची ना फोनमध्ये, शेजारी बसून. सगळ्या घेतल्यात तिने, सशाची, आंधळ्या न्हाव्याची, सगळ्या. नाही हो, इंटरनेटवर कुठल्या टाकतेय, मी शपथ घातली होती तिला — गोष्ट समोर बसून ऐकायची असते, कुणाला पाठवायची नाही, आईलासुद्धा नाही. आणि पोरगी शब्दाची इतकी पक्की, तिने आजवर एक गोष्ट कुणाला दिली नाही. दुसऱ्या कुणाकडे नाहीत त्या. फक्त तिच्याच

— काय लिहिलंत?

नाही, आत्ता तुम्ही काहीतरी लिहिलंत. खोडा ते. मला वाचता येत नाही म्हणून काहीही लिहाल का? मी म्हातारी बाई, बोलण्याच्या भरात काय बोलले आणि काय नाही. कोणी तरी घेतला असेल फोन तिचा. शाळेत घेतला असेल. पोरं एकमेकांचे फोन घेतात, नाही घेत? तुमच्या घरात असतीलच पोरं. — एक विचारू? सहज विचारते. करणारा लहान असला तर काय करता तुम्ही? म्हणजे अजून शाळेत आहे असा. त्याने वाईट व्हावं म्हणून केलंच नसेल तर? मोठ्या माणसाला बोलायला लाव, असं त्याला तुम्हीच सांगितलं असेल तर? त्याने लावलं बोलायला. एक मोठं माणूस होतं त्याच्याजवळ, ते हसलं होतं, मग त्याने त्याचा नुसता आवाज घेतला. यात तुरुंग कुठे येतो? — बघता काय नुसत्या. पोरी, तू माझ्या लेकीच्या वयाची, काहीतरी बोल.

जाऊ दे. हे सगळं आपल्यातच राहील, यंत्रात कुठे गेलंय ते. करा आता हिरवं. म्हणते मी तुमची वाक्यं, वाचून दाखवा.

काय?

लाल म्हणजे चालू?

पहिल्यापासून? पाण्याचं विचारलंत तेव्हापासून? आणि ते पुसता येत नाही? फोनमधलं पुसता येतं. नात पुसते, बोट ठेवलं की जातं. तुमचं जात नाही. बरं.

ती हसतेय बघा काचेतून. माझे हात हलताना दिसतात ना तिला, तिला वाटतंय आजी यांनाही गोष्टच सांगतेय. दोन महिने धड झोपली नाही पोरगी, सूनबाईला वाटतं परीक्षेची धास्ती. मलाही तेच वाटत होतं, आत्ता इथे बसेपर्यंत.

थांबा. जरा रुमाल द्या तो. तोंड फिरवायचं असेल तर फिरवा, कवळी काढताना माणूस बरं दिसत नाही. — हां. आता ऐका, आणि तुमच्या त्या लालला म्हणावं नीट ऐक. दुपारी घरात कोण कवळी घालून बसतं? हिरड्या ठणकतात, मी जेवले की काढून वाटीत ठेवते, सूनबाईला विचारा. त्या दुपारीही वाटीतच होती. सगळ्यांनी ऐका. खालच्या पाळणाघरात पोरांना सरबतातून झोपेचं औषध देतात. सगळी पोरं सुस्त असतात. शिट्टीआजी सांगते. — वाजली ना शिट्टी? हाच आवाज ना? लावा तो त्याच्याशेजारी, बघा फरक सापडतो का. मीच बोलले. आधीचं सगळं म्हातारीची बडबड. दवाखान्यात त्या बाईलाही तसंच कळवा, ती म्हातारीच होती म्हणावं. आणि अंगठा कुठे लावायचा ते दाखवा, शाई आणा, आणि ते दार उघडा, पोरगी जेवलेली नाही सकाळपासून.

बघता काय अशा. संपली गोष्ट. आता तरी हं म्हणा.