बसून असणारा माणूस

— हो, दिलं ह्यांना दूध. सायीसकट दिलं, वर दोन अंडी. लपवायचंय काय त्यात? तुम्ही दवाखान्याच्या आहारतज्ज्ञ, तक्ता दिलात, फ्रिजवर चिकटव म्हणालात, मी चिकटवला — पण पाळणार नाही. बसा ना ताई, ती कापडं सरकवा, टाचण्या तेवढ्या बघा. तीस वर्षं शिवणकाम करतेय, माणसं मापण्यात जन्म गेला, मला आकड्यांची भीती घालू नका.

तुमचं गणित पाठ झालंय मला. वजनाची दहापट, उंचीची सव्वासहापट, त्यातून वयाची पाचपट वजा, पुरुष म्हणून वर पाच — अडुसष्ट किलो, एकशे अडुसष्ट सेंटिमीटर, सदुसष्ट वर्षं — झाल्या चौदाशे कॅलरी. म्हणजे माणूस नुसता पडून राहिला तरी श्वासाला, काळजाला एवढं लागतंच, बरोबर? मग त्याला एक पूर्णांक दोननं गुणलंत, का, तर कागदावर लिहिलंय — बसून असणारा. सोळाशे ऐंशी. आणि तीन महिन्यांत वजन चौसष्टवरून अडुसष्टवर गेलं म्हणून त्यातले तीनशे छाटलेत. आता जरा वळून खिडकीशी बसलेल्या आमच्या ह्यांच्याकडे बघा. ते हात बघा, हनुवटी बघा — डोळा उघडल्यापासून मिटेपर्यंत हा कंप. ह्यांना तुम्ही बसून असणारा म्हणता? बस चालवायचे तेव्हा आठ-आठ तास बसूनच असायचे, तेव्हा म्हणायचं होतं. आता ह्यांचं अंग जेवढं राबतं तेवढं माझं मशीनसुद्धा राबत नाही.

आणि वाढलं म्हणे वजन! कुठे वाढलं? ह्यांची विजार मी तीनदा आत घेतली — छत्तीसची कंबर एकतिसावर आलीय, माझ्या हातानं उसवलीय मी. परवा नणंद आली, दादाकडे बघितलं, मला म्हणते, वहिनी, जेवायला घालतेस ना गं ह्याला? मला! चाळीस वर्षांच्या संसारात असं ऐकायची वेळ आली नव्हती. मी म्हटलं, दवाखान्याला जाऊन विचार, मी त्यांच्या तक्त्यानंच —

हां. आता निघालंच तोंडातून तर ऐका. पाळला होता तक्ता. महिनाभर, अगदी मोजून-मापून. हे वाटी पुढे करायचे आणि मी म्हणायची, पुरे, वजन वाढतंय तुमचं. काढून घ्यायची वाटी हातातून. एकदा नाही हो, रोज. आणि हा माणूस हात मागे घ्यायचा. नणंद गेली त्या दिवशी मी तक्ता सोडला, आणि आता डॉक्टर स्वतः दारात उभे राहिले तरी पुन्हा धरणार नाही. लिहा तुमच्या वहीत, बाई ऐकत नाही म्हणून.

काढा काटा, आणलाच आहात तर. इथे ठेवा, फरशी सपाट आहे. चला हो, उठा, तीनच पावलं — हां, आता वर पाय. आकडा ठरत नाही म्हणताय? कसा ठरेल, अंग थरथरतंय ना. दवाखान्यातही नाचायचा, मागची माणसं खोळंबायची, कुरकुरायची. मग मीच युक्ती काढली — असा खांद्यावर हात ठेवायचा, दाबून, शिवताना कापड सरकू नये म्हणून धरतो तसा. की लगेच ठरतो. बघा, अडुसष्ट. हल्ली जोर जरा जास्त लावावा लागतो, कंप वाढलाय ना —

काय झालं? अशा काय बघताय? हात काढू? काढते की, त्यात काय —

थांबा. बोलू नका काही. पुन्हा ठेवते... अडुसष्ट. आता उचलते... अठ्ठावन्न, छप्पन्न, सत्तावन्न...

म्हणजे माझाच हात. दर महिन्याला वाढत होता तो माझा जोर. आणि मी ह्यांच्या तोंडचा घास —

नाही ताई, समजूत घालू नका. चूक माझी आहे, ती माझ्याकडेच राहू दे. पण दवाखान्यात तुम्हा चौघांसमोर दाबत होते मी, एकालाही हात दिसला नाही? सगळे आकड्याकडे बघत होते. सत्तावन्न लिहा. आणि ते बसून असणारा आधी खोडा, माझ्यासमोर खोडा. मग करा गणित, कितीही येऊ दे. आजपासून हे पोटभर जेवणार, हे नको म्हणेपर्यंत मी वाढणार.

काय हो? काय म्हणालात? हळू बोला, घाई नाही — मला कळत होतं, म्हणतात हे. कळत होतं? मी दाबतेय ते? मग तेव्हाच का नाही बोललात?

— खांद्यावरचा हात बरा वाटायचा म्हणे.

जा ताई तुम्ही. काटा उचला, दार ओढून घ्या.