दुसरा हॉर्न

(जुन्या मोटारींच्या क्लबची उन्हाळी सहल आटोपत आली आहे. तळ्याकाठी झाडाखाली एक हिरवी गाडी. आईचा घसा बसला आहे.)

मुलगी : आई, किती गुळण्या करशील? सगळ्या गाड्या निघाल्या.

आई : घसा मोकळा होऊ दे.

मुलगी : घशाचा आणि घरी जाण्याचा काय संबंध? गाडी बाबा चालवणार. तू मागे गप्प बस, आम्हालाही तेवढीच शांतता.

बाबा : तिला बरं वाटू दे गं. घाई कसली?

मुलगी : हे तुम्ही म्हणताय? सकाळी येताना हिने डोकं उठवलं नुसतं. डावीकडे सायकल, पुढे खड्डा, अहो लाल दिवा, लाल. फुटक्या सायलेन्सरच्या वर आवाज चढवून ओरडायचं, मग घसा बसेल नाही तर काय होईल? क्लबातले काका हिला दुसरा हॉर्न म्हणतात ते उगाच नाही.

आई : म्हणू देत.

मुलगी : चला बाबा, बसा.

आई : नको. असं नको.

मुलगी : का पण?

आई : अहो, तुम्हीच सांगा आता.

बाबा : त्या फाटकाशी कोण उभंय गं?

मुलगी : वॉचमन. हात करतोय आपल्याला. का?

बाबा : मला फाटकच दिसत नाही.

मुलगी : थट्टा करू नका.

बाबा : पांढरं धुकं दिसतं सगळं. आधी तिन्हीसांजेलाच व्हायचं, आता भर दुपारीसुद्धा.

मुलगी : आणि तरी तुम्ही गाडी चालवता? आई, तू बसतेस शेजारी?

आई : मी नाही बसले तर एकटे जातील.

मुलगी : म्हणजे सकाळची ती कटकट...

बाबा : कटकट कसली? गाडी तीच चालवत होती. मी नुसतं चाक धरलं होतं.

मुलगी : कोणाला उडवलं असतंत म्हणजे?

बाबा : त्याच धास्तीने सहलीच्या आदल्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागत नाही.

मुलगी : मग सांगायचं ना.

बाबा : कोणत्या तोंडाने? तुला कधी या गाडीच्या चाकाला हात लावू दिला नाही. माझ्याशिवाय ही गाडी कोणाचं ऐकत नाही, असं क्लबभर मिरवत फिरलो. डॉक्टरकडे गेलो की तो पहिल्यांदा गाडीच बंद करणार.

आई : करू दे. माझ्याच्याने होत नाही आता. प्रत्येक वळणाला जीव मुठीत धरून बसते मी.

बाबा : मला कधी बोलली नाहीस.

आई : गाडीत बसलात की तुमचा चेहरा कसा खुलतो. जीभ रेटायची नाही.

बाबा : हं. घे ही.

मुलगी : किल्ली? मला? रोज गाडी चालवते मी, पण स्टिअरिंगला चिकटलेला हा गिअर मला कुठे येतो?

बाबा : मी बसतो शेजारी. गिअरला डोळे लागत नाहीत. चोक अर्धा ओढ. आता फिरव.

मुलगी : झाली की सुरू.

बाबा : झाली. सुटलो गं. खरंच सुटलो.

मुलगी : मग डोळे का पुसताय?

बाबा : गाडी माझी आहे. थोडं रडू दे.

मुलगी : उद्या डोळे दाखवायला जायचं. काही ऐकणार नाही मी.

बाबा : जाऊ. दुसरा गिअर टाक आता. आपल्याकडे ओढ, मग खाली.

मुलगी : बापरे, खर्रकन वाजला.

बाबा : वाजू दे. मीही सुरुवातीला असेच गिअर किसलेत. फाटक आलं?

मुलगी : मागे पडलं केव्हाच. आई, जमतंय की नाही मला? आई?

बाबा : बोलत का नाही ती? फार दुखतोय का घसा?

मुलगी : आरशात दिसतेय. झोपलीय, बाबा. तोंड उघडं टाकून.

बाबा : एवढ्या आवाजात?

मुलगी : गाढ. पूल आला. इथून डावीकडे ना घराला?

बाबा : सरळ घे. लांबच्या रस्त्याने जाऊ.