पाठीवरचं भोक

सन्माननीय अध्यक्ष आणि आमचे निर्माते श्री. टिलमन, आजच्या उत्सवमूर्ती मिस ओपल ब्रँडव्होल्ड, आणि रोजच्यासारखेच खोक्यांवर बसलेले सुतार, दिवेवाले, नट-नट्यांनो,

स्टुडिओ नंबर दोनमध्ये आज खरा केक आहे. प्लास्टरचा नाही, मी चाखून पाहिला.

बाहेरून आलेल्या पाहुण्यांसाठी सांगतो, ओपल आमची कंटिन्युइटी सांभाळते. एका शॉटमध्ये सिगारेट अर्धी असेल, तर पुढच्यात ती अर्धीच हवी! एकवीस वर्षं या बाईच्या नजरेतून एक गुंडीही सुटली नाही. मग एकदा सुटली कशी?

आम्ही सहा दिवसांत गुप्तहेराचा सिनेमा उरकत होतो. सोमवारी मी पहिल्या रिळातलं प्रेत झालो. पालथा पडलेलो, पाठीत गोळी. कपडे ज्याचे त्याने आणायचे ही आपली रीत. तेव्हा भोक पाडलं ते माझ्या एकुलत्या एक कोटाला. बुधवारी आमचा नायक मोठ्या स्टुडिओत पळाला, तोही स्वतःचा कोट घालून! टिलमनसाहेब डोक्याला हात लावून बसले. (हसू नका साहेब, बसला होतात.)

ओपलने वही उघडली. "नायकाचा चेहरा फक्त दोन शॉटमध्ये आहे. बाकी सगळीकडे टोपी आणि धुकं. ते दोन पुन्हा घ्या. उंचीला आपलं प्रेत चालेल."

"ते?" साहेब किंचाळले. "त्याला बोलता येतं का?"

"प्रेत असूनही दोनदा शिंकला. आवाज बरा आहे."

असा मी नायक झालो, त्याच माझ्या कोटात. सिनेमा लागला, आणि पडद्यावर पाहतो तर काय? खुन्याचा माग काढणाऱ्या हेराच्या पाठीवर गोळीचं भोक! मी ओपलला गाठलं.

"तुला दिसलं नाही?"

"मला? न दिसायला काय झालं!"

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर काम थांबलं असतं. थांबलं असतं तर साहेबांनी तासाभरात दुसरा नट आणला असता. आणि तुझ्या खिशात शनिवारचं, नट व्हायचं सोडून घरी नेब्रास्काला परतायचं बसचं तिकीट होतं, बाबा. तेही मला दिसलं होतं."

मित्रहो, तिची त्या दिवसाची वही मी काल मागून घेतली. पानावर लिहिलंय, 'कोट ठीक.' एकवीस वर्षांतली ती एकच खोटी नोंद, आणि त्यानंतरचे माझे एकोणीस सिनेमे तिच्यावर उभे आहेत. ते तिकीट मी अजून जपून ठेवलंय.

ओपल, सोमवारपासून तू नव्या मुलींना हे काम शिकवणार आहेस. त्यांना सगळं बघायला शिकव. कधी गप्प बसायचं, तेही शिकव.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात कुठे भोक राहिलं असेल तर माफ करा. आणि ओपल, तू मात्र वहीत लिही, 'भाषण ठीक.'